टेस्ट हिरव्या, तरी प्रॉडक्शनमध्ये बग? या चुका टाळा

सॉफ्टवेअरच्या सगळ्या टेस्ट पास, म्हणजे हिरव्या, कव्हरेज (टेस्ट चालताना किती टक्के कोड चालला ते) नव्वदीच्या पुढे, आणि रिलीज होऊन तास झाला नाही तोच बगची तक्रार. अशा वेळी टीम आणखी टेस्ट लिहायला बसते. थांबा. आधी आहेत त्या टेस्ट नापास होऊ शकतात का, ते बघा.

ज्या कोडची टेस्ट आहे त्यातली एक अट मुद्दाम उलटी करून टेस्ट चालवा. तरीही हिरवीच राहिली, तर ती टेस्ट शोभेची आहे. हेच काम टूलकडून करून घेणं म्हणजे म्यूटेशन टेस्टिंग. जावासाठी पिट आहे, जावास्क्रिप्टसाठी स्ट्रायकर. वेळ बराच लागतो, म्हणून सगळ्या कोडबेसवर न चालवता हिशेब आणि परवानग्यांच्या मॉड्यूलपुरतं ठेवा.

शोभेच्या टेस्ट बहुतेक वेळा दोन ठिकाणी सापडतात. एक, असिंक कोड, म्हणजे ज्याचं उत्तर थोड्या वेळाने येतं तो: जेस्ट या जावास्क्रिप्टच्या टेस्ट टूलमध्ये ‘अवेट’ (उत्तर येईपर्यंत थांब) राहून गेला की असर्शन, म्हणजे ‘निकाल असाच हवा’ ही अट, तपासलं जाण्याआधीच टेस्ट संपते आणि पास दिसते. दुसरं, असर्शन फक्त ‘कॅच’ ब्लॉकमध्ये, म्हणजे एरर आली तरच चालणाऱ्या भागात लिहिणं. एरर आलीच नाही तर तिथे कोणी पोहोचतच नाही. कव्हरेजला यातलं काही कळत नाही. ओळ चालली, एवढंच ते मोजतं. टक्केवारीचं टार्गेट लावणाऱ्या मॅनेजरला टक्केवारी मिळते, बाकी काही नाही.

मॉकचा, म्हणजे खऱ्या घटकाच्या जागी ठेवलेल्या नकलेचा, अतिरेक ही पुढची चूक. डेटाबेस मॉक, पेमेंट सर्व्हिस मॉक, मग टेस्ट होते ती आपल्याच समजुतींची. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ रॉकेट उड्डाणक्रम सुरू झाल्यावर सुमारे ४० सेकंदांत फुटलं. एरियन ४ मधून घेतलेल्या दिशादर्शक यंत्रणेच्या कोडमध्ये ६४ बिटांची संख्या १६ बिटांत बसली नाही. चौकशी समितीच्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे: उड्डाणाआधीच्या सिम्युलेशनमध्ये ती दिशादर्शक यंत्रणा खरी नव्हतीच, तिच्या जागी सॉफ्टवेअरची नक्कल होती. म्हणून बाहेरच्या प्रत्येक महत्त्वाच्या जोडणीसाठी निदान एक इंटिग्रेशन टेस्ट (घटक एकत्र जोडून केलेली) खऱ्या घटकावर चालू द्या. टेस्टपुरता खरा डेटाबेस कंटेनरमध्ये, म्हणजे लगेच उभ्या करता येणाऱ्या वेगळ्या कप्प्यात, चालवणं आता अवघड राहिलेलं नाही.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र फ्लेकी टेस्ट करतात. कोड तोच, पण कधी पास, कधी नापास. ‘री-रन कर, होईल पास’ हे वाक्य टीममध्ये रुळलं की खरा बगसुद्धा री-रनमध्ये वाहून जातो. सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेत) आपोआप तीनदा री-ट्राय लावणं म्हणजे हीच सवय अधिकृत करणं.

कारण शोधताना आधी ती टेस्ट एकटी चालवा. एकटी पास होते पण सगळ्यांबरोबर पडते, म्हणजे दुसरी कुठलीतरी टेस्ट मागे कचरा ठेवते आहे: बदललेलं ग्लोबल व्हेरिएबल, डेटाबेसमधली न पुसलेली रो, कॅशमध्ये (cache) उरलेला डेटा. टेस्टचा क्रम पिसण्यासाठी पायटेस्टला (पायथनचं टेस्ट टूल) रँडमली प्लगिन जोडा किंवा गो भाषेत शफल चालू करा. क्रम बदलला की दोषी टेस्ट लवकर सापडते. त्या रनचा सीड, म्हणजे ज्यावरून क्रम ठरला तो आकडा, नोंदवून ठेवा, नाहीतर तोच क्रम पुन्हा मिळवता येणार नाही. एकटीही पडत असेल तर स्लीप, म्हणजे ठरावीक वेळ थांबायची सूचना, शोधा. ‘दोन सेकंद थांब’ हे लॅपटॉपवर पुरतं, लोड असलेल्या सीआय मशीनवर पुरत नाही. ठरावीक वेळ थांबण्याऐवजी ती अट पूर्ण होईपर्यंत थांबा, वर कमाल मर्यादा घाला. फक्त मध्यरात्रीच्या आसपास किंवा महिनाअखेरीस पडत असेल तर घड्याळावर संशय घ्या. कोडने थेट ‘आत्ताची वेळ’ विचारू नये, ती बाहेरून द्यावी. मग २९ फेब्रुवारीही हवी तेव्हा तपासता येते.

लगेच दुरुस्त होणार नसेल तर टेस्ट वेगळी काढा, पण तिकीट, जबाबदार माणूस आणि तारीख लावून. नुसतं स्किप केलेलं कोणी परत उघडत नाही.

लिंटरबद्दल, म्हणजे कोड न चालवता त्यातल्या चुका दाखवणाऱ्या टूलबद्दल, थोडक्यात: जुन्या प्रोजेक्टवर सगळे नियम एकदम लावले की हजारो इशारे येतात आणि दुसऱ्या दिवसापासून कोणी वाचत नाही. आजची स्थिती बेसलाइन धरा, म्हणजे जुने इशारे तूर्त सोडून द्या, आणि नव्या किंवा बदललेल्या ओळींवरच बिल्ड अडवा. फॉरमॅटिंगचा मोठा बदल वेगळ्या कमिटमध्ये टाका, म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्याला लॉजिकमधला बदल दिसेल.