शेजारी देशांच्या सुरक्षा सहकार्याबद्दल बोलताना या चुका टाळा

दादरच्या क्लासमधली पोरं असोत नाहीतर लोकलमधली चर्चा, शेजाऱ्यांचा विषय निघाला की ठरलेलं वाक्य येतं, सार्क (दक्षिण आशियातल्या देशांची संघटना) बंद पडलं म्हणजे सगळंच संपलं. ही सगळ्यात मोठी चूक. २०१४ च्या काठमांडूनंतर सार्कची शिखर परिषद झाली नाही हे खरंय, पण सुरक्षेचं रोजचं काम तिथे होतच नाही, ते फोनवर, ईमेलवर चालतं.

डिसेंबर २०२४ मधलंच बघा. पोरबंदरहून इराणला निघालेलं अल पिरानपीर हे गलबत अरबी समुद्रात बुडालं, खबर आली आपल्या मुंबईच्या सागरी बचाव केंद्रात, १२ खलाशी छोट्या होडीत जीव मुठीत धरून आणि जागा पाकिस्तानच्या शोध-बचाव हद्दीत! दोन्हीकडची केंद्रं एकमेकांशी बोलत राहिली, पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा एजन्सीने शोधात मदत केली आणि आपल्या कोस्ट गार्डच्या सार्थक जहाजाने बाराही जणांना सुखरूप काढलं. तेव्हा संबंध काय गोड होते का? अजिबात नाही, पण २००५ मध्ये दोन्ही एजन्सींमध्ये झालेला करार होता ना.

त्यामुळे संबंध बिघडले की करार गेले असंही धरून चालू नका. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याच्या १९८८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दर १ जानेवारीला अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात, १९९२ पासून, मध्ये कारगिल झालं, २६/११ झालं तरी.

सार्क आणि बिमस्टेक (बंगालच्या उपसागराभोवतालच्या देशांचा गट) यांची खिचडी करू नका, बिमस्टेकमध्ये पाकिस्तान नाही, थायलंड आणि म्यानमार आहेत. आणि सार्कने काश्मीर का नाही सोडवलं असं विचारण्याआधी सनद वाचा, द्विपक्षीय वादाचे विषय तिथे चर्चेलाच घेता येत नाहीत.

आता मला सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट. डहाणू-तलासरीकडची आपली माणसं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, बोट सागरी हद्दीपलीकडे गेली की थेट कराचीचा तुरुंग. घरच्यांना वाटतं शिक्षा संपली की माणूस सुटेल, तसं नसतं, आधी तो भारतीय आहे हे सिद्ध व्हावं लागतं आणि त्यात महिनेच्या महिने जातात. कैद्यांच्या याद्या १ जानेवारी आणि १ जुलैला दिल्या-घेतल्या जातात, आपल्या माणसाचं नाव त्यात आहे का ते विचारायला लागा, आणि आधार, मच्छीमार ओळखपत्र यांच्या झेरॉक्स माणूस बोटीवर जायच्या आधीच घरी काढून ठेवा.