जुन्या बाईकचं वायरिंग हिरवं पडलंय? मीटरच्या बीपवर जाऊ नका

हॉर्न दाबला की हेडलाईट मंद, ब्रेक दाबला की इंडिकेटर अडखळतो, आणि विचारलं की सगळे सांगतात बॅटरी बदल. मी पण बदलली, मग रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा डबा) बदलला, आणि शेवटी दोष निघाला हेडलाईटच्या मागच्या एका थिंबलमध्ये (वायरच्या टोकाला बसवलेला धातूचा तुकडा), आत नुसती हिरवी पावडर. म्हणून पार्ट आणायच्या आधी मोजा.

आता मोजायचं म्हणजे मल्टिमीटरची दोन टोकं वायरला लावून बीप वाजवून बघायचं नाही हं. वायरमधली एकच बारीक तार शाबूत असली तरी मीटर बीप देतो, त्याला करंट नावापुरता लागतो, पण 55 वॉटचा बल्ब 12 व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या वर ओढतो, तो त्या एका तारेतून कसा जाणार. त्यामुळे लाईट चालू ठेवा, मीटर डीसी 20 व्होल्टवर, लाल प्रोब बॅटरीच्या प्लसला आणि काळा बल्बच्या प्लस पिनला. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत गळतायत. तसंच बल्बच्या अर्थपासून (करंट फ्रेममधून बॅटरीकडे परत नेणारी बाजू) बॅटरीच्या मायनसपर्यंत. अख्ख्या वाटेत अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर प्रोब एकेका कपलरवर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग) सरकवत या, जिथे आकडा एकदम उडी मारतो तिथेच चोर आहे. चांगल्या जोडावर 0.1 च्या आसपास किंवा कमीच दिसतं. फिलामेंटच्या बल्बला 12 ऐवजी 10.8 व्होल्ट मिळाले तर उजेड साधारण 30 टक्क्यांनी कमी होतो, आणि 6 व्होल्टच्या गाडीत तर अर्धा व्होल्ट पण खूप झाला.

सुरुवात अर्थपासून करा, निम्मी भुतं तिथेच असतात. फ्रेमवरचा रंग खरवडून चकचकीत धातू काढा, थिंबल घट्ट आवळा, मग वरून ग्रीस. काही जुन्या गाड्यांत हेडलाईटचा अर्थ स्टिअरिंगच्या बेअरिंगमधून जातो, म्हणजे ग्रीसमधून 😅, तिथे सरळ वेगळी अर्थ वायर टाका.

कपलर खोलायच्या आधी बॅटरीची मायनस काढा. काही जुन्या ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थ असतात, तिथे प्लस आधी. थोडक्यात फ्रेमला जोडलेली बाजू पहिली, म्हणजे पाना फ्रेमला लागला तरी ठिणगी नाही.

वायर धरून ओढू नका, लॉक दाबून कपलर सोडवा. थोडंसं हिरवं असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि बारीक ब्रश पुरतो. जास्त असेल तर थिंबल व्हिनेगर आणि चिमूटभर मिठात काही मिनिटं, मग खायच्या सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, आणि पूर्ण कोरडं. पॉलिश पेपर अगदी हलका, कारण वरचा कथलाचा थर गेला की परत गंज लवकर धरतो. फिमेल (ज्यात पिन शिरते तो भाग) सैल असेल तर पक्कडीने हलकंच दाबा. प्लास्टिक तपकिरी किंवा वितळलेलं असेल तर साफ करत बसू नका, पिनचा ताण गेलेला असतो, कपलर बदलाच. स्टेटरकडून (इंजिनातली वीज बनवणारी कॉइल) रेग्युलेटरला जाणाऱ्या वायरींचा कपलर तर हमखास बघा.

वायर सोलल्यावर आत काळी निघाली तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा, लांबवर काळीच असेल तर अख्खी वायर बदला, जाडी तेवढीच किंवा जास्त. काळ्या तांब्याला सोल्डर धरत नाही. मी तर क्रिंपच करतो (थिंबल पक्कडीने वायरवर दाबून बसवतो), सोल्डर तारांमध्ये वर चढतो, तिथे वायर ताठ होते आणि व्हायब्रेशनने बरोब्बर त्याच्या कडेला तुटते. क्रिंप झाला की जोरात ओढून बघा. वरून गोंदवाली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी), आणि ती क्रिंप करायच्या आधी वायरवर ओवा (मी दर तिसऱ्या वेळी विसरतो).

डायइलेक्ट्रिक ग्रीस पातळच लावा. तो वीज नेत नाही, पिना घट्ट बसल्या की तो बाजूला सरतो आणि फक्त पाणी अडवतो.

स्टिअरिंगजवळ वायर बाहेरून ठणठणीत आणि आतून तुटलेली असते. लाईट चालू ठेवून हँडल दोन्हीकडे फिरवा आणि मीटर बघा, आकडा नाचला की सापडली. फ्यूज मात्र उडतोय म्हणून मोठा टाकू नका, वायरच फ्यूज बनते.

सगळं जोडलं की तीच मोजणी परत, आणि कपलर बसवताना वायर आधी खाली झुकवून मग वर आत न्या, म्हणजे पाणी झोळातून टपकून जातं, पिनांपर्यंत पोचत नाही.