पाकिटबंद खाद्यपदार्थाचे लेबल कसे वाचावे

घरातील आहार सुधारायचा तर भाजी, भाकरी, वरण आणि भात यांचे प्रमाण ठरवून देणे आता पुरेसे राहिलेले नाही. चहाबरोबरची बिस्किटे, मुलांच्या डब्यातील चिप्स, नाश्त्याचे मसाला ओट्स आणि दुधात ढवळली जाणारी चॉकलेटी पावडर हे सारे पाकिटातून येते, आणि त्यात साखर, मीठ व मेद किती आहेत याचा अंदाज चवीवरून येत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024 मध्ये भारतीयांसाठी आहारविषयक 17 मार्गदर्शक सूत्रे जाहीर केली. त्यांत लेबल वाचण्यासाठी एक स्वतंत्र सूत्र आहे. ज्या देशात 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ अभ्यासानुसार मधुमेहींची संख्या 10 कोटींवर गेली आहे, तेथे हे वाचन शक्यतो घरातील प्रत्येकाला जमायला हवे. लेबलवरील मजकूर बहुधा इंग्रजीत आणि बारीक टाइपात असतो. त्यामुळे ज्येष्ठांनी मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून वाचावा, म्हणजे दुकानातही अडचण येत नाही.

सुरुवात पाकिटाच्या मागच्या बाजूने करावी. पुढची बाजू जाहिरातीसाठी असते आणि तेथील शब्दांवर किती विसंबावे, हे गेल्या काही वर्षांतील सरकारी आदेशांवरूनच दिसते. एप्रिल 2024 मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, दूध, तृणधान्ये किंवा माल्ट यांपासून केलेली पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली विकू नयेत असे ऑनलाइन विक्रेत्यांना बजावले. त्याच वर्षी जूनमध्ये, घट्ट रसात पाणी मिसळून तयार केलेल्या पेयांवरचा ‘100 टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकण्याचा आदेश निघाला. ऑक्टोबर 2025 मध्ये पेयांच्या नावात ‘ओआरएस’ (म्हणजे जलसंजीवनी) ही अक्षरे वापरण्याची मुभा रद्द झाली. यांतला शेवटचा आदेश मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार जलसंजीवनीच्या एका लिटरमध्ये 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असते, शिवाय पोटॅशियम क्लोराइड व सायट्रेट असते. त्याच्या कितीतरी पट साखर असलेले गोड पेय जुलाब झालेल्या बाळाला दिले, तर जुलाब थांबण्याऐवजी वाढू शकतात. म्हणून औषधाच्या दुकानातसुद्धा पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, हे पाहूनच जलसंजीवनी घ्यावी.

मागच्या बाजूला प्रथम घटकपदार्थांची यादी वाचावी. नियमानुसार ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, त्यामुळे पहिले तीन-चार घटक वाचले की पदार्थ मुळात कशाचा आहे ते कळते. नाचणीची बिस्किटे म्हणून घेतलेल्या पुड्यावर मैदा, साखर आणि पाम तेल आधी आले आणि नाचणीचे पीठ चौथ्या-पाचव्या क्रमांकावर असले, तर ती मैद्याची बिस्किटे आहेत असेच समजावे. ज्या घटकाचा गाजावाजा पुढच्या बाजूला केलेला असतो त्याची टक्केवारी सांगणे उत्पादकाला बंधनकारक आहे. ती त्या घटकाच्या नावापुढे शोधावी. ब्राउन ब्रेडची यादी वाचताना गव्हाच्या पिठाआधी मैदा आहे का आणि रंगासाठी कॅरॅमल, म्हणजे 150 या क्रमांकाचा रंग, घातला आहे का, हेही पाहावे, कारण ब्रेडचा तपकिरी रंग कोंड्यामुळेच आला असेल असे नाही.

साखर या यादीत अनेक नावांनी येते. लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, मध आणि गुळाची पावडर या सगळ्या साखरेच्याच जाती आहेत. स्टार्चपासून बनवलेले माल्टोडेक्स्ट्रिन तांत्रिकदृष्ट्या साखरेत मोजले जात नाही, पण रक्तातील साखर ते झपाट्याने वाढवते, त्यामुळे मधुमेहींनी या नावावर विशेष लक्ष ठेवावे.

यानंतर पोषणमूल्यांचा तक्ता येतो, आणि बहुतेकांची गफलत येथेच होते. तक्त्यात साधारणपणे एक रकाना 100 ग्रॅमचा आणि दुसरा एका वाढणीचा (सर्व्हिंगचा) असतो. दोन उत्पादनांची तुलना नेहमी 100 ग्रॅमच्या रकान्यावरून करावी, कारण वाढणी किती ग्रॅमची धरायची हे उत्पादक ठरवतो. स्वतःच्या पोटात किती गेले हे मात्र आपण प्रत्यक्ष खाल्लेल्या वजनावरून काढावे. समजा, एका पुड्यावर दर 100 ग्रॅममागे वरून घातलेली साखर (ॲडेड शुगर) 16 ग्रॅम, संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) 9 ग्रॅम आणि सोडियम 400 मिलिग्रॅम असे लिहिले आहे, एक बिस्कीट साडेबारा ग्रॅमचे आहे आणि वाढणी दोन बिस्किटांची दाखवली आहे. त्या वाढणीत साखर अवघी 4 ग्रॅम भरते आणि तिच्यापुढे दैनंदिन मर्यादेच्या 8 टक्के असा आकडा छापलेला असतो. परंतु सकाळी चार आणि संध्याकाळी चार बिस्किटे खाणाऱ्या माणसाच्या पोटात पूर्ण 100 ग्रॅम जातात. म्हणजे साखरेच्या मर्यादेचा जवळपास तिसरा हिस्सा आणि संपृक्त मेदाच्या मर्यादेचे 41 टक्के बिस्किटांतच संपतात. दोन्ही वेळच्या चहात दोन-दोन चमचे साखर असेल, तर एका चमच्यात 5 ग्रॅम या हिशेबाने आणखी 20 ग्रॅम साखर वाढते.

या टक्केवारीमागचे मापही ठाऊक असावे. लेबलवरील टक्के हे 2000 किलोकॅलरी, 67 ग्रॅम एकूण मेद, 22 ग्रॅम संपृक्त मेद, 50 ग्रॅम वरून घातलेली साखर आणि 2000 मिलिग्रॅम सोडियम या दैनंदिन प्रमाणांवर काढलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये साखरेची मर्यादा एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांखाली ठेवण्यास सांगितले आणि ती 5 टक्क्यांखाली, म्हणजे सुमारे 25 ग्रॅमवर, आणता आली तर अधिक बरे असेही नमूद केले. लेबलचा हिशेब 10 टक्क्यांच्या मर्यादेवर बेतलेला आहे, त्यामुळे 25 ग्रॅमचे उद्दिष्ट ठेवणाऱ्याने छापलेला टक्का मनातल्या मनात दुप्पट करावा. लहान मुलांच्या बाबतीत तर हा टक्का जसाच्या तसा घेऊच नये. चार ते सहा वर्षांच्या मुलाची ऊर्जेची गरज सुमारे 1360 किलोकॅलरी असते, आणि ज्या पाकिटावर मुलांची चित्रे असतात त्यावरचे टक्केही प्रौढाच्याच मापाने काढलेले असतात.

मिठासाठी सोडियमचा आकडा पाहावा. सोडियमच्या मिलिग्रॅमना अडीचने गुणून हजाराने भागले की मिठाचे ग्रॅम मिळतात. 70 ग्रॅमच्या झटपट नूडल्समध्ये 840 मिलिग्रॅम सोडियम असेल तर ते 2.1 ग्रॅम मीठ होते, आणि दिवसभरासाठी मर्यादा 5 ग्रॅमची आहे. ‘लो सोडियम’ मिठात सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियम घातलेले असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा रक्तात पोटॅशियम वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. हृदयाला घातक असलेल्या ट्रान्स मेदाबाबत परिस्थिती बरी आहे, कारण जानेवारी 2022 पासून तेल व वनस्पती तुपात त्याची कमाल मर्यादा 2 टक्क्यांवर आणली गेली आहे.

दाव्यांनाही नियमांचे माप आहे. ‘शुगर फ्री’ म्हणायचे तर 100 ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, आणि ‘हाय फायबर’ म्हणायला 100 ग्रॅममध्ये किमान 6 ग्रॅम तंतुमय पदार्थ लागतात. तरीही मधुमेहींनी ‘शुगर फ्री’ बिस्किटांवर एकूण कर्बोदकांचा आकडा वाचावाच, कारण मैद्याचे रूपांतरही शेवटी ग्लुकोजमध्येच होते. केवळ वजन उतरवण्यासाठी कृत्रिम गोडी वापरू नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मे 2023 मध्ये केली. मात्र आधीच मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही, ही बाब बातम्यांमध्ये अनेकदा गळून जाते. प्रथिनांच्या महागड्या बारवर 100 ग्रॅममागे 20 ग्रॅम प्रथिने लिहिलेली दिसली, तर फुटाण्यांतही साधारण तेवढीच असतात हे आठवून किंमत ताडून पाहावी.

एवढा हिशेब ग्राहकावर सोपवणे मला न्याय्य वाटत नाही. चिलीमध्ये 2016 पासून जादा साखर, मीठ, संपृक्त मेद किंवा ऊर्जा असलेल्या पाकिटांच्या पुढच्याच बाजूला काळे अष्टकोनी इशारे छापावे लागतात. आपल्याकडे 2022 मध्ये पदार्थ किती आरोग्यदायी हे पाकिटावर ताऱ्यांच्या संख्येने दाखवणाऱ्या मानांकनाचा मसुदा पुढे आला, पण तंतुमय पदार्थ किंवा सुका मेवा घालून साखरेचे गुण झाकण्याची सोय असणाऱ्या पद्धतीपेक्षा थेट इशारा सामान्य माणसाला अधिक उपयोगी पडेल, असे माझे मत आहे.

लेबलवरील दावा खोटा वाटल्यास पाकीट टाकून देऊ नये. ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या ॲपवर किंवा जिल्ह्यातील अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार करता येते. तक्रारीबरोबर पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, 14 अंकी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि खरेदीची पावती जोडावी.