बॉक्साइटऐवजी देशातलेच खनिज: ॲल्युमिनासाठी पारख कशी करावी

देशात बॉक्साइट (ॲल्युमिनियमचे नेहमीचे खनिज) पुरेसे नसताना घरच्याच मातीतून, दगडातून किंवा राखेतून ॲल्युमिना, म्हणजे ज्यापासून ॲल्युमिनियम बनते ते ऑक्साइड, काढायचे असेल, तर केवळ ॲल्युमिनाच्या टक्केवारीवर भरवसा ठेवू नये. चिनीमातीचे मूळ खनिज असलेल्या केओलिनाइटमध्ये ते 39.5 टक्के असते, तर पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या डार्लिंग रेंजच्या बॉक्साइटमध्ये त्याहून कमी. तरीही कारखाने चालतात ते त्या बॉक्साइटवरच. याचे कारण सिलिका. बॉक्साइटमधून ॲल्युमिना काढण्याच्या नेहमीच्या, म्हणजे बायर पद्धतीच्या गरम कॉस्टिक सोड्यात मातीतली सिलिका विरघळते आणि सोडा व ॲल्युमिना दोन्ही सोबत घेऊन गाळात बसते. म्हणून सिलिका किती आहे यापेक्षा ती कोणत्या रूपात आहे, हे क्ष-किरण विवर्तनाने (क्ष-किरणांनी खनिजे ओळखण्याच्या चाचणीने) आधी तपासावे.

नमुना मातीचा असेल, तर आम्लाची वाट धरावी. माती वाळवून, दळून सुमारे 700 अंश सेल्सिअसला भाजावी, म्हणजे तिच्यातले पाणी निघून जाते आणि ॲल्युमिना आम्लात विरघळण्याजोगे होते. तापमान 950 अंशांपलीकडे जाऊ देऊ नये, कारण तेव्हा नवी खनिजे तयार होऊ लागतात व त्यांच्यावर आम्लाचा फारसा परिणाम होत नाही. भाजलेली माती गरम हायड्रोक्लोरिक आम्लात घातली की सिलिका घनरूपातच उरते व गाळून वेगळी करता येते. लोह मात्र द्रावणात सोबत उतरते. मला या पद्धतीतली सर्वांत सुंदर पायरी वाटते ती यापुढची: द्रावणात हायड्रोजन क्लोराइड वायू सोडला की ॲल्युमिनियम क्लोराइडचे स्फटिक खाली बसतात आणि लोह वरच्या द्रावणात राहते. स्फटिक तीव्र आम्लाने धुऊन भाजावेत. सुटणारा वायू पुन्हा वापरावा. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्स या सरकारी खाण संस्थेने 1973 पासून नेवाडातल्या बोल्डर सिटी येथे निरनिराळ्या पर्यायांच्या छोट्या चाचण्या घेतल्या आणि त्यांत हीच वाट अधिक आशादायक ठरली. पुढच्याच वर्षी अमेरिकेला बॉक्साइट पुरवणाऱ्या जमैकाने त्यावर जबर कर बसवल्याने या कामाची निकड वाढली. तरीही खर्चाचा हिशेब मांडताना आम्लाने गंजणारी यंत्रे आणि भाजणीचे इंधन वगळू नये.

नेफेलिनसारख्या, म्हणजे ॲल्युमिनासोबत सोडा व पोटॅशही असलेल्या दगडासाठी वाट वेगळी आहे. रशियात पिकाल्योवो व अचिन्स्क येथे तो चुनखडीबरोबर सुमारे 1300 अंशांना भाजतात. एक टन ॲल्युमिनामागे साधारण चार टन नेफेलिन व सात-आठ टन चुनखडी लागते, आणि सोबत सोडा, पोटॅश व नऊ-दहा टन सिमेंट मिळते. त्यामुळे या प्रकल्पात सिमेंटला जवळपास गिऱ्हाईक आहे का, हे रसायनाच्याही आधी पाहावे.

कोराडी-चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रांतल्या राखेचा विचार विदर्भात मनात येणे स्वाभाविक आहे. मात्र बॉयलरच्या उष्णतेत राखेतल्या ॲल्युमिनाचा बराच भाग सिलिकेशी जुळून म्युलाइट हे चिवट खनिज बनतो आणि तो आम्लाला सहज दाद देत नाही, म्हणून तीही चुनखडीबरोबरच भाजावी लागते. पोलंडच्या येझी ग्झिमेक यांनी विकसित केलेल्या पद्धतीत असा भाजलेला गोळा थंड होताना डायकॅल्शियम सिलिकेटच्या (चुना व सिलिका यांच्या संयुगाच्या) प्रसरणाने आपोआप भुकटी होतो, आणि दळणाचा खर्च वाचतो. चंद्रपूर जिल्ह्यात चुनखडी आणि सिमेंटचे कारखाने दोन्ही आहेत. पण ते कारखाने राख तशीच सिमेंटमध्ये मिसळू शकतात, म्हणून तिची तिथली किंमत आधी विचारावी आणि मगच भट्टीचा आराखडा हाती घ्यावा.