मेळघाटात ट्रेकचा रूट कसा निवडायचा

सह्याद्रीत गर्दीत धक्के खाण्यापेक्षा एकदा आपल्या सातपुड्यात या भाऊ, पण रूट नीट विचार करून निवडा. पहिल्यांदा येत असाल तर चिखलदऱ्याहून गाविलगड घ्या, म्हणजे गावापासून जवळच हाय, तटावरून खाली दऱ्या दिसतात आणि १८०३ च्या लढाईत इंग्रजांनी हाच किल्ला घेतला होता हे आठवलं की ते पडके बुरुज बघताना अंगावर काटा येतो. दिवसभर चालायचं असेल तर अकोटकडून शहानूरमार्गे नरनाळा किल्ला. तिथल्या महाकाली दरवाज्यावरचं कोरीव काम बघायला निवांत वेळ ठेवा, लय लोक नुसता फोटो काढून निघून जातात. हा सगळा वाघाचा जंगल आहे, त्यामुळे वनखात्याची परवानगी आणि गेटच्या वेळा आधी विचारून घ्या.

सीझनचं म्हणाल तर धबधबे, धुकं पाहिजे असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर, पण दगड शेवाळलेले असतात, बूट चांगले घाला. लांबपर्यंत स्वच्छ दिसायला मला डिसेंबर-जानेवारीच आवडतो. मार्चपर्यंत सागाची पानं गळून जातात, सावली राहत नाही, आणि मोहफुलं पडली की अस्वलंही तिकडे येतात, तेव्हा पहाटे एकटं फिरू नका. वाट मॅपवर दिसली तरी गावातल्या कोरकू आदिवासी माणसाला सोबत घ्याच, कोणत्या ओढ्याला पाणी असतं ते त्यालाच माहीत. अंधाराच्या आत खाली उतरा.