छोट्या बैठकीच्या चित्रीकरणासाठी मायक्रोफोन कसा निवडावा

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या समितीसभेचे चित्रीकरण पुन्हा पाहताना खजिनदारांनी रंगकामासाठी ‘सात हजार’ सांगितले की ‘साठ हजार’, हे कोणालाच कळेना. चित्र स्वच्छ होते, पण आवाज कॅमेऱ्यावरच्या माइकने तीन मीटरांवरून टिपलेला होता. अशा वेळी महागडा माइक घ्यावासा वाटतो. खरे तर आधी पाहायचे असते ते बोलणाऱ्याचे तोंड आणि माइक यांच्यातील अंतर.

म्हणून खरेदीपूर्वी टेप घेऊन हे अंतर मोजावे. अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. म्हणजे ७५ सेंटिमीटरवरचा माइक ३ मीटरवर नेला तर १२ डेसिबल गेलेच, आणि पंख्याची घरघर व भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. नंतर ध्वनिपातळी कितीही वाढवली तरी बोलण्याबरोबर पंखाही वाढतो. कॅमेरा सर्वांना चौकटीत घेण्यासाठी मागे असणारच, पण माइकने त्याच्यासोबत मागे राहण्याचे काही कारण नाही.

त्यानंतर खोली ऐकावी. सर्वांनी मिनिटभर शांत बसून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे आणि ते हेडफोनवर ऐकावे. जमिनीवर सतरंजी आणि खिडक्यांना जाड पडदे एवढ्यानेही घुमारा बराच कमी होतो. हा खर्च मी माइकच्या आधी करेन.

आता निवड. पाच-सहा जण एकाच टेबलाभोवती बसणार असतील, तर टेबलावर सपाट ठेवायचा बाउंडरी माइक सर्वांत सोयीचा. टेबलाच्या पृष्ठभागावरून परतणारा आवाज थेट आवाजाशी जुळूनच त्याच्यापर्यंत पोहोचत असल्याने बोलणे स्वच्छ येते. मात्र कपबशी ठेवल्याचा, कागद सरकवल्याचा, बांगड्या टेबलाला लागल्याचा आवाजही तो तितक्याच निष्ठेने टिपतो. त्याखाली पातळ फोमचा तुकडा ठेवावा आणि चहा दुसऱ्या टेबलावर द्यावा. टेबल लांब असेल तर असे दोन माइक लागतील; त्या दोहोंमधील अंतर, प्रत्येक माइक आणि त्याच्यासमोर बोलणारा यांच्यातील अंतराच्या किमान तिप्पट असावे, नाहीतर एकच आवाज दोन्हींत थोडा मागेपुढे पोहोचून पोकळ होतो.

टेबल नसेल आणि मंडळी गोलात खुर्च्यांवर बसली असतील, तर कपड्याला लावायचे कॉलर माइक उत्तम. हनुवटीखाली साधारण एक वीत अंतरावर तो लावावा. मंगळसूत्र, ओढणी किंवा साडीचा पदर त्यावर घासणार नाही, हे लावतानाच पाहावे, कारण ती खरखर नंतर काढता येत नाही. बाजारात सहज मिळणाऱ्या बिनतारी संचांत बहुधा दोनच माइक असतात. सहा जणांसाठी असे तीन संच आणि त्यांचा आवाज एकत्र करणारा मिक्सर घेण्यापेक्षा मी टेबल मागवणे पसंत करेन. चित्रीकरणासाठी लोकप्रिय असलेला लांब शॉटगन माइक इथे टाळावा: तो एकाच दिशेला रोखलेला असतो, त्यामुळे बाजूला बसलेल्यांचे बोलणे दबते, आणि लहान, घुमणाऱ्या खोलीत त्याचा स्वर बिघडतो.

जोडणीत अनेकांची फसगत होते. स्टुडिओतल्या बहुतेक कंडेन्सर माइकना (चालायला वीज लागणाऱ्या संवेदनशील माइकना) ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे माइकच्या तारेतूनच मिळणारी वीज, लागतो, आणि तो साध्या कॅमेऱ्यात किंवा मोबाइलमध्ये नसतो. तो देणारा रेकॉर्डर किंवा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला किंवा मोबाइलला जोडणारे उपकरण) जोडावा लागतो. कॅमेऱ्याच्या माइकच्या पिनेवर सहसा दोन काळ्या रेघा असतात, तर मोबाइलच्या हेडफोन जॅकमध्ये चालणाऱ्या पिनेवर तीन. पीन नीट बसली तरी आवाज येत नसेल, तर आधी या रेघा मोजाव्यात.

रेकॉर्डर वेगळा असेल तर त्याचा सॅम्पल रेट (सेकंदाला घेतल्या जाणाऱ्या ध्वनिनमुन्यांची संख्या) ४८ किलोहर्ट्झवर लावावा, ध्वनिपातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद ठेवावी आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवावी. संपादनात तिच्यावरून चित्र व आवाज जुळवता येतात. मोठ्याने बोलतानाही रेकॉर्डरवर दिसणारी पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावी.

शेवटी, सभेपूर्वी पंखा चालू ठेवून, सर्वांत हळू बोलणाऱ्या सदस्याला सर्वांत दूरच्या खुर्चीवर बसवावे आणि ‘सात’, ‘साठ’ म्हणायला सांगावे. ते मुद्रण दुसऱ्या खोलीत, जो तिथे नव्हता त्याला ऐकवावे. त्याला दोन्ही शब्द वेगळे ओळखता आले नाहीत, तर माइक आणखी जवळ आणावा आणि पुन्हा मुद्रण करून पाहावे.