डिग्निटी शब्द कुठल्या अर्थाने आलाय हे कसं ओळखायचं

भाषांतर करताना इंग्रजी वाक्यात डिग्निटी (dignity) दिसला की लगेच डिक्शनरी उघडू नका, आधी एवढंच विचारा की ही डिग्निटी जाऊ शकते का? कमीजास्त होते, कमवावी लागते, कोणी हिरावून घेऊ शकतं असं वाक्य म्हणत असेल तर तो जुना रोमन अर्थ, मानमरातबवाला.

मूळ लॅटिन. डिग्नुस म्हणजे लायक, त्यावरून डिग्निटास, आणि रोममधे ही सगळ्यांकडे नसायचीच, घराणं, पद, कामगिरी यातून मिळायची. इ.स.पू. ४९ मधे रोमन सेनापती ज्युलियस सीझर सैन्य घेऊन रुबिकॉन नदी ओलांडून आपल्याच सरकारवर चालून गेला आणि नंतर लिहिताना म्हणतो काय, तर माझी डिग्निटास मला जिवापेक्षा प्यारी. आता इथे 'मानवी प्रतिष्ठा' टाकून बघा, हसू येईल, कारण साहेब सरळसरळ स्वतःच्या रुतब्याबद्दल बोलतायत. डिग्निटरी म्हणजे बडी असामी, त्यात हाच अर्थ अजून टिकून आहे.

जाऊच शकत नाही असं उत्तर आलं तर अर्थ दुसरा. याची सुरुवात सीझरच्याच काळातल्या सिसेरो या रोमन विचारवंताकडे सापडते, माणूस म्हणूनच काहीएक मोठेपण असतं म्हणणारा, पण नीट मांडलं ते जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८५ मधे: ज्याला किंमत असते त्याच्या जागी दुसरं काही ठेवता येतं, ज्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही त्याला डिग्निटी. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्याच कलमात सगळी माणसं डिग्निटी आणि हक्कांत जन्मतः समान म्हटलंय. त्यातलं 'जन्मतः' महत्त्वाचं, सीझरला ते अजिबात पटलं नसतं. आजूबाजूला ह्यूमन, इक्वल, इन्हेरंट असे शब्द दिसले की बहुतेक हाच अर्थ.

'पराभव डिग्निटीने स्वीकारला' टाइपच्या वाक्यात फार खोलात जायला नको, तिथे शालीनपणे लिहा आणि पुढे चला.

टेस्ट गंडते ती 'डाय विथ डिग्निटी'ला, म्हणजे इच्छामरणाच्या वादात येणाऱ्या 'सन्मानाने मरण'ला. एक बाजू म्हणते परावलंबी होऊन अंथरुणाला खिळलं की डिग्निटी जाते, दुसरी म्हणते ती जातच नाही, दोघांचा शब्द एकच पण अर्थ वेगळा, म्हणून तासन्तास वाद घालूनही कोणी कोणाला पटवू शकत नाही. असा वाद वाचताना प्रत्येक बाजूला तो पहिला प्रश्न वेगवेगळा विचारा.